पेनड्राइव्हवरचा फायरफॉक्स घरी आपोआप अपडेट झाला, आता शाळेच्या विंडोज ७ वर उघडत नाही, बुकमार्क परत कसे आणू?

डोंगरशाळा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो कारण अर्धवट सांगितलं की मदत करणाऱ्यालाच त्रास होतो. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेत एकच कॉम्प्युटर, विंडोज ७, तोही ३२ बिट आणि २ जीबी रॅम, आम्ही तिघं शिक्षक तोच वापरतो आणि ॲडमिनचा पासवर्ड आमच्यापैकी कोणाकडेच नाही. म्हणून भाच्याने मला दोन वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर फायरफॉक्स करून दिला होता, ईएसआर ११५, म्हणजे बराच काळ मुख्यतः सुरक्षा अपडेटच मिळत राहणारी आवृत्ती. फोल्डरमध्ये एक बॅच फाइल आहे, तिच्यावर डबल क्लिक केलं की माझे बुकमार्क, माझे पासवर्ड, सगळं माझं माझं उघडतं आणि पेनड्राइव्ह काढला की शाळेच्या कॉम्प्युटरवर काही राहत नाही. युडायस प्लसचं, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचं काम, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं मी यावरच करत आलोय आणि कधी तक्रार नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत पेनड्राइव्ह घरी आणला, घरी लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. तीन चार दिवस त्यावर काम केलं, मध्येच एकदा रीस्टार्ट टू अपडेट असं काहीतरी आलं ते मी दाबलं, फार विचार केला नाही. सुट्टी संपून शाळेत गेलो आणि पेनड्राइव्ह लावला तर ब्राउझर उघडेचना, नुसता एरर. घरी येऊन बघितलं तर व्हर्जन १४० झालेलं.

मग एका सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवर त्याच भाच्याने दिलेला जुना फोल्डर होता त्यातलं कोअर नावाचं फोल्डर कॉपी करून माझ्यात टाकलं. आता शाळेत उघडतो पण मेसेज येतो की तुम्ही फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन चालू केलंय, नवीन प्रोफाइल करा नाहीतर बंद करा. नवीन प्रोफाइल केलं तर आत सगळं रिकामं. जवळपास दोनशे बुकमार्क होते, वर्गवार फोल्डर करून ठेवलेले, आणि आठ दहा पासवर्ड.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बुकमार्क परत मिळतील का? हे ऑटोमॅटिक अपडेट बंद कसं करायचं? आणि बंद करणं बरोबर आहे का, कारण भाचा म्हणतो अपडेट बंद करू नको आणि माझा अनुभव म्हणतो की अपडेटनेच घोळ झाला.

सोलापूरकर८४

सर अपडेट कायमचं बंद करून टाका, एवढा विचार कशाला. मी ऑफिसच्या जुन्या मशीनवर चार वर्षं एकच व्हर्जन वापरतोय, एकदाही काही झालं नाही. ब्राउझर चालतोय ना, मग चालू द्या. सेटिंग्जमध्ये जाऊन चेक फॉर अपडेट्स बट लेट यू चूज असा पर्याय आहे तो निवडा, झालं काम.

जुनी_मशीन

गुरुजी, सगळ्यात आधी एक काम करा, आत्ता आहे तो पेनड्राइव्ह घरच्या लॅपटॉपवर लावून अख्खं फोल्डर जसंच्या तसं डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवा. पुढचं सगळं त्यानंतर. तुमचा डेटा गेलेला नाही असं मला तुमच्या वर्णनावरून ठामपणे वाटतंय, पण आता घाईत काही केलं तर जाऊ शकतो.

काय झालंय ते सांगतो म्हणजे भीती जाईल. पोर्टेबल फायरफॉक्समध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात, एक प्रोग्रॅम, म्हणजे ते कोअर फोल्डर, आणि दुसरी प्रोफाइल, ज्यात तुमचे बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी फायरफॉक्सची शेवटची मालिका म्हणजे ११५, जी जुलै २०२३ मध्ये आली, त्यानंतरचं कुठलंही व्हर्जन विंडोज ७ वर चालत नाही. फायरफॉक्स अपडेट शोधताना आपण कोणत्या विंडोजवर चालतोय हे सर्व्हरला सांगतो. शाळेत तो विंडोज ७ सांगायचा म्हणून त्याला ११५ चेच सुरक्षा अपडेट मिळत होते. घरी त्याच फोल्डरने विंडोज ११ सांगितलं, मग सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही नव्या मशीनवर आहात आणि त्याने पुढची ईएसआर दिली. हा पेनड्राइव्ह उद्या परत विंडोज ७ ला लागणार आहे हे कळण्याचा त्याच्याकडे काही मार्गच नाही.

आता दुसरी अडचण. नव्या व्हर्जनने एकदा प्रोफाइल उघडली की आतल्या डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, म्हणून २०१९ च्या ६७ व्या व्हर्जनपासून फायरफॉक्स जुन्या प्रोग्रॅमने नवी प्रोफाइल उघडू देत नाही. तुम्हाला आलेला मेसेज तोच. तो अडवतोय ते तुमच्याच बुकमार्कांच्या भल्यासाठी. अलाउ डाउनग्रेड नावाचा एक स्विच आहे, इंटरनेटवर लोक तो सरळ सुचवतात, पण मूळ प्रोफाइलवर तो लावू नका, फार तर कॉपीवर प्रयोग करा.

परत आणायचं असं. घरच्या लॅपटॉपवर १४० वालं कोअर अजून कुठे आहे का? असेल तर त्यानेच पेनड्राइव्हवरची प्रोफाइल उघडा, सगळे बुकमार्क जसेच्या तसे दिसतील. मग बुकमार्क मॅनेजरमधून इंपोर्ट अँड बॅकअप, त्यात बॅकअप, एक फाइल तयार होईल. ती फाइल ११५ च्या नव्या प्रोफाइलमध्ये रिस्टोअर करायची, फोल्डरसकट सगळं येतं. एवढं लक्षात ठेवा की रिस्टोअर केल्यावर तिथले आधीचे बुकमार्क पुसले जातात, तुमच्याकडे रिकामंच आहे म्हणून चालेल. १४० वालं फेकून दिलं असेल तर आधी सांगा, दुसरा रस्ता आहे.

पासवर्ड आठ दहाच आहेत ना, तर वर पत्त्याच्या पट्टीत अबाउट कोलन लॉगिन्स टाइप करून ते पान उघडा, वहीत उतरवून घ्या आणि नव्यात हाताने टाका. एक्सपोर्ट केलं तर पासवर्ड साध्या अक्षरांत फाइलमध्ये येतात आणि ती फाइल पेनड्राइव्हवर विसरली की झालं, कोणीही वाचू शकतं.

जुनी_मशीन

@सोलापूरकर८४ दादा, मनापासून सांगतो, चार वर्षं जुना ब्राउझर इंटरनेटला लावून बसू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत एक भोक सापडलं, नुसतं मुद्दाम बनवलेलं चित्र पानावर दिसलं तरी मशीनवर हल्ला होऊ शकेल असं. क्रोम, फायरफॉक्स, सगळ्यांना एकाच आठवड्यात घाईने अपडेट काढावे लागले, फायरफॉक्सचं ११७.०.१ आणि ईएसआर ११५.२.१ त्याच्यासाठीच. त्याआधीच्या व्हर्जनवर जो आहे त्याला काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की त्याला काही दिसलं नाही.

आणि सुरक्षा बाजूला ठेवली तरी जुना ब्राउझर कायम चालतो असंही नाही. १४ मार्च २०२५ ला फायरफॉक्समधलं एक रूट सर्टिफिकेट, म्हणजे ॲड-ऑन वगैरे अस्सल आहेत हे तपासायचा डिजिटल दाखला, संपलं. १२८ च्या खालचे आणि ईएसआरमध्ये ११५.१३ च्या खालचे जे होते त्यांचे ॲड-ऑन आणि डीआरएमवाले, म्हणजे कॉपी होऊ नयेत म्हणून कुलूप लावलेले, व्हिडिओ त्यामुळे अडकतात. तुम्ही काहीही न बदलता तारीख उलटली आणि वस्तू बिघडली.

शिवाय तो लेट यू चूजचा पर्याय पेनड्राइव्हवर टिकत नाही. विंडोजवर ही सेटिंग प्रोफाइलमध्ये नसतेच, त्या त्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये असते आणि तीही फायरफॉक्स ज्या पत्त्यावर आहे त्या पत्त्याला बांधलेली. आज पेनड्राइव्ह ई ड्राइव्ह म्हणून लागला, उद्या एफ म्हणून लागला, की फायरफॉक्सच्या लेखी ते वेगळं इन्स्टॉलेशन आणि सेटिंग पुन्हा मूळपदावर. गुरुजींनी शाळेत अपडेट बंद केलं असतं तरी घरी ते झालंच असतं.

सोलापूरकर८४

हे प्रोग्रॅमडेटाचं मला खरंच माहीत नव्हतं. मी नेहमी एकाच मशीनवर असल्यामुळे कधी लक्षात आलं नाही. मार्चपासून माझं एक ॲड-ऑन बंद पडलंय आणि मी समजत होतो की बनवणाऱ्याने सोडून दिलं. बघतो आज.

डोंगरशाळा

जुनी_मशीन साहेब, फार आभार, फोल्डरची कॉपी करून ठेवली. १४० वालं कोअर मी डिलीट केलं होतं, पण मूळ प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर तसंच आहे, त्याची साईज ९० एमबीच्या आसपास दिसते. दुसरा रस्ता सांगा. आणि एक विचारायचं राहिलं, शाळेत मी जे नवीन प्रोफाइल केलं ते नेमकं कुठे तयार झालं? कारण पेनड्राइव्हवर मला नवीन फोल्डर कुठे दिसत नाही आणि त्यात मी एक पासवर्ड सेव्ह केलाय.

जुनी_मशीन

प्रोफाइल फोल्डर शाबूत आहे म्हणजे जिंकलात. मोझिलाच्या साइटवरून घरच्या लॅपटॉपवर ईएसआर १४० चा सेटअप उतरवा. इन्स्टॉल करू नका, सेव्हन झिप या फाइल्स उलगडणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने त्या सेटअपवर राइट क्लिक करून उघडा, आत कोअर फोल्डर मिळेल, भाच्याने तेच केलेलं आहे. डेस्कटॉपवरच्या कॉपीमधलं कोअर काढून तिथे हे ठेवा आणि तिथलीच बॅच फाइल चालवा. वर लिहिलं तसा बॅकअप घ्या.

आणि समजा तेही जमलं नाही तर प्रोफाइलच्या आत बुकमार्कबॅकअप्स नावाचं फोल्डर असतं, फायरफॉक्स स्वतःहून तिथे बुकमार्कांच्या तारीखवार प्रती ठेवतो, अलीकडच्या १५ पर्यंत. दिवाळीच्या आधीची तारीख बघून ती फाइल ११५ मध्ये रिस्टोअर करता येते. खूप जणांना हे फोल्डर माहीत नसतं आणि लोक उगाच रडकुंडीला येतात.

शाळेतल्या प्रोफाइलचं तुम्ही फार चांगलं विचारलंत. ती बहुधा शाळेच्या कॉम्प्युटरवरच तयार झाली असणार. तिथे अबाउट कोलन प्रोफाइल्स उघडा, रूट डिरेक्टरीच्या पुढे सी ड्राइव्हचा पत्ता दिसला तर ती पेनड्राइव्हवर नाही, ज्याला कोणाला त्या कॉम्प्युटरवर बसायला मिळतं त्याला तुमचा पासवर्ड मिळेल. त्याच पानावरून ती डिलीट करा, फाइल्ससकट डिलीट म्हणा, आणि तो पासवर्ड बदलून टाका. मग पेनड्राइव्हवर प्रोफाइल नावाचं नवं रिकामं फोल्डर करा, जुन्याचं नाव बदलून ठेवा, आणि बॅच फाइलने उघडा. आता जे तयार होईल ते पेनड्राइव्हवरच होईल.

अपडेट बंद करण्यासाठी, कोअर फोल्डरच्या आत डिस्ट्रिब्युशन नावाचं फोल्डर करा, त्यात पॉलिसीज डॉट जेसन ही फायरफॉक्सला नियम, म्हणजे पॉलिसी, सांगणारी फाइल, आणि तिच्यात डिसेबल ॲप अपडेट ट्रू. मोझिलाच्या पॉलिसी टेम्प्लेटच्या पानावर नमुना तयार आहे, तो कॉपी करा म्हणजे कंस चुकत नाहीत. ही फाइल प्रोग्रॅमसोबतच फिरते, त्यामुळे कोणत्याही ड्राइव्ह अक्षरावर, कोणत्याही कॉम्प्युटरवर लागू राहते. पूर्वी सेटिंग्जमध्येच नेव्हर चेक असा पर्याय असायचा तो ऑक्टोबर २०१८ च्या ६३ व्या व्हर्जनमध्ये काढला, तेव्हापासून हाच खात्रीचा मार्ग.

मांडवीकाठ

मध्येच बोलते, मी गोव्यात एका वाचनालयात काम करते आणि आमच्याकडे वाचकांसाठीच्या चार जुन्या मशीनवर हेच सगळं सांभाळावं लागतं. जुनी_मशीन यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, फक्त शेवटच्या पॉलिसीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. डिसेबल ॲप अपडेट लावलं की दार पूर्ण बंद होतं, हाताने अपडेट करायला गेलात तरी करू देत नाही, अपडेट्स डिसेबल्ड असं म्हणतो. मग दर वेळी सेटअप उतरवा, सेव्हन झिपने उघडा, कोअर बदला. आपण पहिले दोन महिने करतो आणि तिसऱ्या महिन्यात विसरतो, मी विसरले आहे म्हणून सांगते.

त्याऐवजी मॅन्युअल ॲप अपडेट ओन्ली नावाची पॉलिसी आहे. त्यात फायरफॉक्स पाठीमागे गुपचूप काही शोधत नाही, विचारतही नाही, पण तुम्ही स्वतः हेल्पमध्ये जाऊन अबाउट फायरफॉक्स उघडलंत की तेव्हा शोधतो. सरांनी हे काम फक्त शाळेत करायचं. शाळेत विंडोज ७ असल्यामुळे, जोवर ११५ चे अपडेट निघत आहेत तोवर, सर्व्हर त्यांना ११५ च्या मालिकेतलंच पुढचं अपडेट देणार, १४० देणारच नाही. जे अपडेट घरी नडलं तेच शाळेत बिनधोक आहे. घरी मात्र अबाउटची खिडकी आणि सेटिंग्जमधला अपडेटचा भाग उघडायचाच नाही, नाहीतर पुन्हा तेच.

खरं सांगायचं तर सर, घरच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हचा ब्राउझर वापरायची गरजच काय? तिथे साधा फायरफॉक्स इन्स्टॉल करा, तो त्याचा त्याचा अपडेट होत राहील. दोन्हीकडे सिंक, म्हणजे फायरफॉक्सच्या खात्यातून डेटा जुळवून ठेवणारी सोय, चालू केलंत तर बुकमार्क आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे राहतात, व्हर्जन वेगळी असली तरी चालतं. पेनड्राइव्ह फक्त शाळेचा. आमच्याकडे हे ठरवल्यापासून निम्मे प्रश्न उरलेच नाहीत.

अपडेट करताना अजून एक. पेनड्राइव्हवर अपडेटला फार वेळ लागतो, कारण प्रोग्रॅमच्या शेकडो एमबीच्या फाइल्स त्याच्यावरच पुन्हा लिहिल्या जातात आणि स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग फारच कमी असतो. खिडकी बंद झाली म्हणजे काम संपलं असं समजून पेनड्राइव्ह ओढू नका. शाळेत लाइट जायची शक्यता असेल तर युपीएस असलेल्या वेळी करा, आणि आधी फोल्डरची एक कॉपी घ्या, प्रोफाइलसकट.

जुनी_मशीन

मांडवीकाठ ताई, पटलं, सरांच्या बाबतीत मॅन्युअलवालीच पॉलिसी योग्य. मी डिसेबलवाली अशा ठिकाणी लावतो जिथे वापरणारे अनेक असतात आणि कोणी ना कोणी बटण दाबतोच. इथे वापरणारा एकच आहे आणि तो समजून वापरणारा आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी एक भर घालतो, कारण बरेच जण पोर्टेबलॲप्स या साइटवरचा पेनड्राइव्हसाठीचा तयार पॅक वापरतात. त्यात फायरफॉक्सची दोन फोल्डर असतील, एक ३२ बिटचं आणि एक ६४ बिटचं, तर ब्राउझरच्या आतून केलेलं अपडेट फक्त जे चालू आहे तेवढंच बदलतं. घरी ६४ चालतं ते पुढे जातं, ऑफिसच्या ३२ वर जुनंच राहतं, प्रोफाइल मात्र दोघांत एकच, आणि मग गुरुजींसारखाच मेसेज. म्हणून त्या पॅकला पोर्टेबलॲप्सच्याच अपडेटरने अपडेट करा, तो दोन्ही एकत्र बदलतो. पण तो ॲप फोल्डर नव्याने लिहितो, डेटा फोल्डरला हात लावत नाही, त्यामुळे ॲपच्या आत ठेवलेली पॉलिसीची फाइल उडू शकते. तिची एक प्रत बाहेर ठेवा. आणि त्या पॅकमध्ये आतल्या फायरफॉक्सवर थेट क्लिक करू नका, टास्कबारला पिन पण करू नका, बाहेरच्या फायरफॉक्स पोर्टेबल नावाच्या लाँचरनेच उघडा, नाहीतर तो कॉम्प्युटरवरची प्रोफाइल उघडतो आणि तुम्हाला वाटतं सगळं गेलं.

रानवारा

प्रश्न थोडा बाजूचा आहे पण विचारतो, हेच सगळं क्रोमच्या पोर्टेबलवर चालेल का? मला क्रोमची सवय आहे.

मांडवीकाठ

बुकमार्क जातील, पण विंडोजवर क्रोम पासवर्ड त्या विंडोज अकाउंटच्या किल्लीने कुलूपबंद करतो, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते उघडत नाहीत. एक्स्टेन्शनचाही त्रास होतो. आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे, म्हणजे जानेवारी २०२३ च्या पुढे, गेलेलाच नाही. फायरफॉक्सचे पासवर्ड आणि त्यांची किल्ली दोन्ही प्रोफाइलमध्येच असतात म्हणून ते सोबत फिरतात. पण यातला धोका पण समजून घ्या, पेनड्राइव्ह हरवला तर सापडणाऱ्यालाही ते तितक्याच सहज मिळतात. सर, तुम्ही प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एकच कुलूप, लावलाय का? नसेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली आहे, आजच लावा. तुमच्याकडे मुलांची माहिती असलेली खाती आहेत.

डोंगरशाळा

मंडळी, शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर बसून सगळं केलं, आता लिहितोय. बुकमार्क सगळे आले, वर्गवार फोल्डरसकट. १४० चा सेटअप उघडून बॅकअप घेतला ते पहिल्या झटक्यात झालं. बुकमार्कबॅकअप्सचं फोल्डर पण बघितलं, त्यात खरंच तारीखवार फाइल्स होत्या. पासवर्ड वहीत उतरवले, नव्यात टाकले आणि ते पान फाडून जाळलं. प्रायमरी पासवर्ड लावला, तो नव्हता.

शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रोफाइल सी ड्राइव्हवरच निघाली, ती डिलीट केली, पासवर्ड बदलला. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

पॉलिसीची फाइल मात्र आधी लागू होईना. अर्धा तास गेला. मॅन्युअल ॲप अपडेट ओन्ली लिहिलं, कंस तपासले, तरी अबाउट कोलन पॉलिसीज रिकामं दाखवत होतं. आता मेसेज यायला लागलाय की तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केला जातोय. आमच्या बाई ते बघून घाबरल्या, म्हणाल्या वरून कोणी आपला कॉम्प्युटर बघतंय का. हे त्या फाइलमुळेच ना?

जुनी_मशीन

हो, त्या फाइलमुळेच. पॉलिसीची फाइल सापडली की फायरफॉक्स हे वाक्य दाखवतोच, मग ती संस्थेने ठेवलेली असो की तुम्ही. बाईंना अबाउट कोलन पॉलिसीज उघडून दाखवा, तिथे तुम्ही लिहिलेली एकच ओळ दिसेल, दुसरं काही नाही. आणि आधी लागू का होत नव्हती ते पण लिहा, पुढच्याला उपयोगी पडेल, नोटपॅडने शेवटी टीएक्सटी जोडलं होतं का?

डोंगरशाळा

हो तेच. फाइलचं नाव पॉलिसीज डॉट जेसन डॉट टीएक्सटी झालं होतं आणि विंडोज ते शेवटचं लपवत होता. व्ह्यूमधून एक्स्टेन्शन दाखवा केलं तेव्हा दिसलं. आता अबाउटमधून अपडेट शोधलं तर शाळेत ११५ चंच मिळालं, पेनड्राइव्हवर लिहायला बराच वेळ लागला पण झालं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी करायचं ठरवलंय, हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवर पण हीच फाइल टाकून देतो, त्याच्याकडेही भाच्याचाच फोल्डर आहे आणि त्याच्या घरी पण विंडोज ११ आहे.